गिऱ्हाईक परत का येते?

लक्ष्मीपूजनाच्या रात्री नव्या वहीला गंध-अक्षता वाहिल्या, की व्यापारी मंडळी पहिल्या पानावर 'शुभ' आणि 'लाभ' असे दोन शब्द लिहितात. पैकी लाभ मोजण्याची सोय पुढच्या सगळ्या पानांवर केलेली असते. शुभाचा हिशेब मात्र कोणत्याच वहीत मांडलेला मी पाहिला नाही. तो मांडावयाचाच झाला तर कोणत्या मापाने मांडावा, ह्या प्रश्नाने माझे मन बरेच दिवस व्यापले आहे.

व्यापारातील यशाची आपली जुनी खूण म्हणजे परत येणारे गिऱ्हाईक. 'आमच्या पेढीची गिऱ्हाइकी तीन पिढ्यांची' असे सांगताना जुन्या दुकानदाराचा ऊर भरून येई. आजचे व्यवस्थापनशास्त्रदेखील थोड्या जड शब्दांत तेच सांगते. बाजार बदलत राहणार, प्रतिस्पर्धी टपलेले असणार. अशा वेळी दुसऱ्याला सहजी उचलता येणार नाही असे काहीतरी आपल्यापाशी असावे, म्हणजे गिऱ्हाईक आपली पायरी सोडणार नाही. ह्यालाच स्पर्धेतील सरशी म्हणतात. परंतु गिऱ्हाईक परत येण्याची कारणे दोन असतात. माल चांगला म्हणून ते येते, आणि दुसरीकडे जावयास वाट उरली नाही म्हणूनही येते. दोघांचे रुपये जमेच्या बाजूला सारखेच दिसतात. वहीला फरक कळत नाही. तो माणसालाच करावा लागतो.

परभणीत राहणाऱ्याला हा प्रश्न दरवर्षी मृगाच्या सुमारास मोंढ्यात भेटतो. आभाळ भरून येते, बियाण्यांच्या दुकानांपुढे गर्दी उसळते आणि रंगीत पिशव्यांवरची टपोरी बोंडे पाहत शेतकरी उभे असतात. दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या कुणब्याला हे दृश्य चमत्कारिक वाटले असते. बी ही त्याच्या लेखी सहसा विकत आणावयाची वस्तूच नव्हती. खळ्यावर आलेल्या ज्वारीतली भरदार कणसे घरातल्या बायका निवडून काढीत. राख आणि कडुनिंबाचा पाला घालून ते बी मडक्यात वा कणगीत जपले जाई. ज्याचे सरले तो शेजाऱ्याकडून सवाई-दिढीने आणी, म्हणजे पायलीची सव्वा किंवा दीड पायली करून सुगीत परत करी. त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. सवाई-दिढीत सावकारी होतीच, आणि त्या बियाण्याचे उत्पन्नही बेताचे होते. परंतु घरात कणगी होती, आणि कणगीत पुढचे वर्ष होते.

ह्या घरगुती वस्तूचा शास्त्रशुद्ध धंदा होऊ शकतो हे ज्यांनी प्रथम ओळखले, त्यांत बद्रीनारायण बारवाले यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. ते मूळ हिंगोलीचे. आणि हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती, म्हणून त्यांच्यावर आमचाही थोडा हक्क. जालन्यात त्यांनी भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेची 'पूसा सावनी' ही भेंडी त्या वेळी नवी होती. १९६४ साली त्यांनी महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे आपली 'महिको', काढली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांची सरशी कशात होती? वाण काही प्रथम त्यांचे नव्हते. सरकारी संशोधकांचे होते. पण शुद्ध बी मुबलक तयार करणे, त्यासाठी गावोगावच्या शेतकऱ्यांना हाताशी धरून बीजोत्पादनाचे कसब शिकविणे आणि पिशवीत जे सांगितले तेच शेतात उगवेल असा विश्वास निर्माण करणे, हे काम सरकारी खात्यांना तितक्या चपळाईने जमत नव्हते. ही सरशी कष्टाने कमावलेली होती. तिला शुभ म्हणावयास मला संकोच वाटत नाही.

पुढे संकरित वाणांचे युग आले. दोन निराळ्या वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीत विलक्षण जोम येतो. पण त्याच पिकाचे बी धरून पुन्हा पेरले तर गुणांची फाटाफूट होते, शेत एकसारखे येत नाही. म्हणजे बी दरवर्षी विकतच घ्यावयास हवे. कापसात हे प्रथम घडले ते १९७० साली, सुरतच्या संशोधन केंद्रात, डॉ. सी. टी. पटेल यांचा 'एच-४' हा कापसाचा जगातला पहिला व्यापारी संकर. मराठवाड्यात नांदेडच्या केंद्राचा 'एनएचएच-४४' घरोघरी पोहोचला. व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर निसर्गाने आयते कुलूप घडवून दिले होते. गिऱ्हाईक परत येणारच!

कुलूप दिसले म्हणून लगेच संतापण्याचे कारण नाही. ज्या शेतकऱ्याने संकरित बी घेतले त्याने मनाशी हिशेब केलाच होता. एकरी उत्पन्न वाढले, बियाण्याचा खर्च निघून चार पैसे उरले, म्हणून तो दुसऱ्या वर्षी आला. आणि नाही परवडले तर घरात देशी सरकी होती, ज्वारीचे जुने बी होते. दुकानदाराला 'ह्या साली नको' असे म्हणण्याची त्याची ऐपत शाबूत होती. कंपनीलाही ती ठाऊक होती, आणि म्हणूनच पिशवीची किंमत आणि पिशवीचा गुण ह्यांची सांगड घालणे तिला भाग होते. तात्पर्य, घरात कणगी भरलेली आहे तोवर दुकानातल्या कुलपाचा फारसा जाच होत नाही.

कणगी केवळ घरात असते असेही नाही. ती सार्वजनिकही असू शकते. मघाच्या भेंडीचीच पुढली कथा सांगतो. शिरा पिवळ्या पाडणारा 'केवडा' रोग भेंडीचा हाडवैरी. पूसा सावनी त्याला पुरून उरे, म्हणून तर तिचा बोलबाला झाला. पण काही वर्षांनी तिची प्रतिकारशक्ती ढासळली. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठातील संशोधकांनी पूसा सावनीचा भेंडीच्याच एका रानटी भावकीतल्या जातीशी संकर केला, पुन्हा पुन्हा निवड केली आणि १९८०च्या दशकात 'परभणी क्रांती' हा वाण शेतकऱ्यांच्या हाती दिला. हा सरळ वाण होता. त्याचे बी शेतकऱ्याला घरी धरता येई, कंपनीला वाढवून विकता येई. दिवाळीच्या पंक्तीत भेंडीची भाजी वाढणाऱ्या किती गृहिणींना हे नाव ठाऊक असेल? ह्या वाणापासून विद्यापीठाला परत येणारे गिऱ्हाईक मिळाले नाही. पण असा वाण बाजारात असला, की खाजगी बियाणे विकणाऱ्यालाही 'माझे ह्याहून सरस का?' ह्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. सरशीला प्रामाणिक ठेवणारी शक्ती अशी प्रतिस्पर्ध्याच्या बाहेरूनही येते.

येथे कोणी म्हणेल, मग सगळेच सरकारकडे द्या की! तोही अनुभव आपण घेतला आहे. १९७१च्या कायद्याने महाराष्ट्रात कापसाच्या एकाधिकार खरेदीची योजना आली. व्यापाऱ्याच्या काट्यातून आणि दलालाच्या कचाट्यातून शेतकऱ्याला सोडवावयाचे, हा तिचा हेतू निर्मळ होता. पण कापूस फक्त सरकारलाच विकावयाचा, हा तिचा पाया. भाव पडले त्या वर्षी तिने पुष्कळांना तारले, हे खरे. परंतु चुकाऱ्याला विलंब झाला, प्रतवारीवरून वाद झाला, शेजारच्या राज्यात भाव चढला, तरी कायद्याने दुसरे दार बंदच. मग रात्रीच्या अंधारात गाड्या सीमेपलीकडे जाऊ लागल्या. योजना तोट्यात रुतली आणि तीसएक वर्षांनी तिचा एकाधिकार संपला. दार बंद करणारा हात खाजगी की सरकारी, ह्याने आतल्या माणसाच्या घुसमटीत फरक पडत नाही.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. अमेरिकेच्या मोन्सॅन्टोचे जनुक, आणि ते येथे आणणारी तिची व महिकोची भागीदारी. बोंडअळीने आणि फवारण्यांच्या खर्चाने पिचलेल्या शेतकऱ्याला हे वरदान वाटले, आणि आरंभीची काही वर्षे ते बऱ्याच अंशी वरदान होतेही. ४५० ग्रॅमच्या पिशवीची किंमत १,६०० रुपयांच्या आसपास होती, आणि तिचा मोठा भाग जनुकाचे शुल्क म्हणून जाई. २००६ साली आंध्र सरकारने मक्तेदारी आयोगापुढे दाद मागितल्यावर ती ७५०वर आली. पुढे केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये किंमत-नियंत्रणाचा आदेश काढला. पिशवीचा गुण तोच असताना किंमत निम्म्याहून खाली येऊ शकली, यावरून आधीच्या किमतीतला किती भाग गुणाचा होता आणि किती भाग अडलेपणाचा, ह्याचा अंदाज वाचकांनीच करावा.

परंतु किमतीहूनही मोठी गोष्ट निराळीच घडत होती. तेच जनुक बहुतेक बियाणे कंपन्यांनी शुल्क देऊन घेतले, आणि काही वर्षांतच देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी झाला. एकदा मोंढ्यात एका वृद्ध शेतकऱ्याला दुकानदार उत्साहाने पिशव्यांमागून पिशव्या दाखवीत होता. म्हातारा शांतपणे म्हणाला, "शेटजी, चित्रं लई हायेत, आतलं बी एकच हाय." निवडीचा देखावा आणि निवड ह्यांतले अंतर इतक्या थोड्या शब्दांत मी दुसरीकडे वाचलेले नाही. घरची देशी सरकी तोवर कधीच संपली होती. कोणी ती हिरावून नेली नव्हती. कोणाला तिची गरज वाटली नव्हती, एवढेच.

अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलिया येथे हे जनुक मुख्यतः सरळ वाणांत घातले गेले. आपल्याकडे ते संकरित वाणांतच आले. कारण उघड आहे; संकरित बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. धंद्याच्या दृष्टीने डाव बिनचूक होता. पण आपले संकरित वाण दीर्घ मुदतीचे, वेचण्या लांबणारे. त्यात पाण्याची सोय असलेल्यांनी फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही कापूस रानात उभाच ठेवला, आणि गुलाबी बोंडअळीला जवळजवळ बारमाही घर मिळाले. पिशवीसोबत १२० ग्रॅमची एक लहान पुडी येई, बिगर-बीटी बियाण्याची. ती कडेने पेरावी, म्हणजे काही अळ्या विषाशी ओळख न होता वाढतील आणि अळीची सारी जातच निबर होणार नाही, अशी योजना होती. आपल्या रानातला एक तास अळीसाठी कोण सोडणार? पुष्कळांनी पुडी बांधावर टाकली. २०१७च्या हंगामात महाराष्ट्रभर बोंडे फोडली तो आत गुलाबी अळी, आणि सरकी पोखरलेली.

ह्या प्रसंगाचा मी जितका विचार करतो तितके मला वाटते, की त्या कंपनीच्या सरशीचे खरे भांडवल जनुक नव्हतेच. अळीचे दुबळेपण हे ते भांडवल. आणि ते कोणाच्याच नावावर नव्हते. गावच्या गायरानासारखे ते सर्वांचे होते. कंपन्यांनी ते भराभर विकले, आम्ही शेतकऱ्यांनी ते भराभर चारून टाकले, सरकारने कागदावर नियम लिहिले. दोष वाटून घ्यावयाचा तर प्रत्येकाच्या वाट्याला पसाभर येईल. परंतु सर्वांत मोठा वाटा त्याने उचलावा ज्याला पुढचे सर्वाधिक कळत होते आणि ज्याला सर्वाधिक लाभ होत होता. कळणे आणि मिळणे ही दोन्ही एका हाती असताना जबाबदारी मात्र सर्वांत सारखी, हा न्याय मला पटत नाही.

तेव्हा शुभाचे माप कोणते? माझ्यापुरते मला ते असे सापडले आहे. उद्या गिऱ्हाइकाला उठून जाण्याची मोकळीक मिळाली, तर आज जमेला दिसणारा लाभ किती उरेल? उरेल तेवढा शुभ. बाकीचा लाभ खोटा नसेल, बेकायदाही नसेल. पण तो पहिल्या पानावरच्या पहिल्या शब्दाखाली लिहिता येणार नाही. हे माप बियाण्यांच्या कंपनीला लागू आहे तसे शाळेला, दवाखान्याला आणि गल्लीतल्या वाण्यालाही लागू आहे. मात्र उठून जाण्याची मोकळीक व्यापारी आपण होऊन देईल, अशी अपेक्षा भाबडी ठरेल. ती गिऱ्हाइकाने आणि समाजाने राखावयाची असते. विद्यापीठांत सरळ वाणांचे काम चालू ठेवून, आणि घरात थोडी तसदी घेऊन.

ती तसदी आजही काही घरांत घेतली जाते. परभणी-हिंगोलीकडे आता सोयाबीनचा पेरा मोठा आहे, आणि त्याचे सरळ वाणांचे बी घरी धरता येते. 'एमएयूएस-७१'सारखे वाण ह्याच विद्यापीठाचे. पेरणीच्या आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावयाचे, पाणी शिंपडत राहावयाचे आणि काही दिवसांनी उलगडून मोड मोजावयाचे. सत्तर किंवा त्याहून अधिक उगवले तर बी पेरणीजोगे. पुष्कळ घरांत हे मोजण्याचे काम मुलांकडे असते. मोजून झाल्यावर तो शेतकरी मोंढ्यात जातो, पिशवीची किंमत विचारतो, आणि दुकानदार त्याला आधी बसावयास सांगतो.