यजमानाने सांगितलेला रस्ता



पुणे, कोल्हापूर, बेळगाव इथून आपल्यापैकी अनेक जण गाडीने बंगळुरूला जातात. कोणाचा मुलगा तिथे असतो, कोणाची बहीण, कोणाचा कॉलेजातला मित्र. काहींना तर बंगळुरू ओलांडून पूर्वेला होसकोट्यापर्यंत जावे लागते, कारण होसकोटे-नरसापूर पट्ट्यातल्या कारखान्यांमध्ये नोकरी करणारे आपले लोक आहेत. तसे हे गाव आपल्याला परके नाही. सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळूर, कोलार आणि दोड्डबळ्ळापूर यांच्याबरोबर होसकोटेही होते.

समजा, अशाच एका जुन्या मित्राने होसकोट्यात घर घेतले आहे. सकाळी वास्तुशांत आणि संध्याकाळी मित्रमंडळींची पार्टी. तुम्ही पहाटेच सहकुटुंब बेळगावहून निघालात. हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर मागे पडले आणि डाबसपेट आले. इथून पुढे दोन रस्ते आहेत.

पहिला आपल्या सवयीचा. सरळ नेलमंगला, मग शहरातली गर्दी, हेब्बाळचा पूल, रिंग रोड, टिन फॅक्टरीचा चौक, के. आर. पुरम आणि शेवटी जुना मद्रास रस्ता. दुसरा गेल्या काही वर्षांत तयार झालेला. डाबसपेटला डावीकडे वळायचे आणि सॅटेलाइट टाउन रिंग रोडने दोड्डबळ्ळापूर, देवनहळ्ळीच्या बाजूने थेट होसकोट्याला उतरायचे. हे अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे. किलोमीटर मोजले तर फार काही वाचत नाही, वर टोलही भरावा लागतो. पण शहराच्या गर्दीत शिरावे लागत नाही.

मित्राने सकाळीच कळवले होते, "डाबसपेटला डावीकडे वळ. शहरात शिरू नकोस." वळण जवळ येते तेव्हा शेजारी बसलेली पत्नी आठवणही करून देते, "अहो, त्यांनी डावीकडे वळायला सांगितलंय ना?" आणि आपण म्हणतो, "मला माहीत आहे रस्ता. पंधरा वर्षं येतोय." गाडी सरळ जाते.

कोण पोहोचले?

रात्री साडेनऊला आपण मित्राच्या दारात उभे असतो. निम्मे पाहुणे जेवून गेलेले असतात. मुले पेंगुळलेली, पत्नी गप्प. मित्र धावत खाली येतो आणि आपल्या तोंडून पहिले वाक्य निघते, "काय रे हे तुमचं शहर! परत म्हणून येणार नाही इकडे."

साधकांनो, इथे क्षणभर थांबा. गाडी पोहोचली हे खरे. पण मित्र ज्याची वाट पाहत होता तो माणूस पोहोचला का? त्याने दिवसभर ज्याची आठवण काढली, तो हसरा, गळ्यात पडणारा सोबती वाटेतच कुठल्यातरी सिग्नलवर राहून गेला. त्याच्या जागी एक चिडलेला, थकलेला माणूस आला. मित्राला नव्या घराच्या पहिल्या दिवसाची भेट म्हणून काय मिळाले? आपला त्रागा.

म्हणून चांगला रस्ता कोणता, हे केवळ किलोमीटर आणि मिनिटांवरून ठरवू नका. ज्या रस्त्याने पोहोचल्यावर आपल्याजवळ प्रेम शिल्लक असते, तो चांगला रस्ता. रोजच्या आयुष्यातही हीच कसोटी लावा. संध्याकाळी कामावरून घरी आपण पोहोचतो. पण मुलांच्या वाट्याला कोण येते? आई-वडिलांना फोन आपण करतो. पण त्या फोनवर कोण बोलते?

चाकोरी

मराठीत फार सुंदर शब्द आहे: चाकोरी. बैलगाड्या वर्षानुवर्षे एकाच वाटेने गेल्या की मातीत चाकांच्या खोल रेषा उमटतात. मग बैलांना हाकावेही लागत नाही, गाडी आपोआप त्याच रेषेत चालते. आपल्या मनातले संस्कार असेच असतात. कोणी उलट बोलले की राग. कोणी पुढे गेले की मत्सर. अपेक्षा मोडली की अबोला. हे रस्ते आपण निवडत नाही. चाक आपोआप तिकडे वळते.

कठोपनिषदात शरीराला रथ म्हटले आहे. इंद्रिये घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी आणि आत्मा रथाचा स्वामी. आपली गाडी डाबसपेटच्या वळणावरून सरळ गेली तेव्हा सारथी कुठे होता? तो जागा नव्हता. गाडी सवय चालवत होती. "मला माहीत आहे" या वाक्याची गंमत अशी आहे की ते खरेही असते. जुना रस्ता आपल्याला खरोखर पाठ असतो. पण रस्ता पाठ असणे आणि तो योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राग करणेही आपल्याला पाठ आहे. म्हणून ते आपल्या हिताचे झाले का?

ध्यान, नामस्मरण, श्वासाकडे लक्ष देणे यांचा उपयोग नेमका इथे आहे. त्यांनी गर्दी नाहीशी होत नाही. वळण येण्याआधी सारथी जागा होतो. राग येण्याच्या आणि बोलण्याच्या मध्ये एक श्वासाची जागा तयार होते. तेवढ्या जागेत गाडी वळवता येते.

रस्ता सांगितला कोणी?

आता एका गोष्टीकडे लक्ष द्या. नवा रस्ता आपल्याला कोणी सांगितला? ज्याच्याकडे जायचे होते, त्यानेच. जो मुक्कामाच्या ठिकाणी राहतो, जो रोज त्या वाटेने येतो-जातो, त्यानेच सांगितले की इकडून ये. आपण वेळेवर आणि आनंदात पोहोचावे, ही त्याचीच जास्त इच्छा होती. त्याने आमंत्रण दिले आणि वाटही दिली.

सद्गुरूंचे सांगणे असेच असते. त्यात धाक नसतो. यजमानाची माया असते. तरीही आपण ते ऐकताना मनात म्हणतो, "बघू पुढे." मुलांची लग्ने झाली की साधना, निवृत्ती झाली की सेवा, गुडघा बरा झाला की सत्संग. वळण मात्र डाबसपेटलाच असते. ते पुढे ढकलता येत नाही.

आणि ज्याचे वळण चुकले, त्याचे काय? त्याच्यासाठी दार बंद होत नाही. मित्राने साडेनऊलाही धावत येऊन गाडीचे दार उघडलेच ना? ताट वाढून ठेवलेच ना? म्हणून चुकलेल्या वळणाबद्दल स्वतःला टोचत बसू नका. तोही एक नवा त्रागाच. पुढचे वळण येईल तेव्हा जागे राहा, एवढेच.

वाटा दोन, वाखरी एक

नवा रस्ता सापडला की आणखी एक धोका असतो. आपण इतरांना कमी लेखू लागतो. "अजून शहरातूनच येता?" असे म्हणताना आवाजात जो सूर येतो, तो ओळखा.

आषाढी वारीकडे पाहा. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून निघते आणि पुण्यानंतर दिवेघाट, सासवड, जेजुरी, फलटण या वाटेने जाते. तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि पुण्यापुढे लोणी काळभोर, बारामती, इंदापूर, अकलूज या वाटेने. कोणत्या पालखीची वाट बरोबर, असे कोणी वारकरी विचारत नाही. दोन्ही पालख्या वाखरीला पोहोचतात आणि पंढरपूर समोर येते. पुण्याहून गाडीने एका दिवसात जाऊन येता येईल अशा ठिकाणी लाखो लोक दिवसेंदिवस चालत जातात, कारण त्या चालण्यानेच ते विठ्ठलासमोर उभे राहण्याजोगे होतात.

सरळ रस्त्यावरची डुलकी

शेवटची सूचना. मोकळ्या, सरळ रस्त्याचा वेगळा धोका आहे. तिथे डुलकी लागते. गर्दीत माणूस सावध असतो, मोकळ्या रस्त्यावर गाफील होतो. साधनेतही तसेच. मन शांत होऊ लागले, घरातले वाद कमी झाले की आपण म्हणतो, "आता जमले." मग एक दिवस ध्यान चुकते, मग आठवडा. महाभारतातल्या सनत्सुजातीय प्रकरणात प्रमादाला, म्हणजे गाफीलपणाला, मृत्यूच म्हटले आहे. सवारी सुखाची झाली की सारथ्याने अधिक जागे राहायचे असते.

या आठवड्याचा संकल्प

या सात दिवसांत एवढेच करा. तुमची एक चाकोरी निवडा: ठरावीक माणूस, ठरावीक विषय, जिथे तुमची गाडी दर वेळी एकाच दिशेला जाते. ते वळण जवळ आल्याचे जाणवले की तीन संथ श्वास घ्या आणि मगच बोला. दुसरे, शेजारी बसलेल्या माणसाने "डावीकडे वळायचं होतं ना?" असे म्हटले, तर उत्तर देण्याआधी ते ऐका. कधी कधी सद्गुरूंचे सांगणे त्याच आवाजात येते. आणि तिसरे, कोणाच्याही दारात पाऊल टाकण्याआधी क्षणभर उंबरठ्याबाहेर थांबून स्वतःला विचारा: आत कोण चालले आहे?

कन्नडमध्ये होस म्हणजे नवा आणि कोटे म्हणजे किल्ला. आपल्या प्रत्येकाच्या अंतरात असे एक नवे घर तयार आहे. आमंत्रण आले आहे, वाटही कळली आहे आणि यजमान वाट पाहत आहे.

आपणा सर्वांचा प्रवास सुखाचा होवो. आपण पोहोचाल तिथे आपल्याबरोबर प्रेमही पोहोचो, हीच सद्गुरुचरणी प्रार्थना.