अर्जातला 'मी'

आमच्या मंडळ्यांतील तरुण मुलेमुली नोकरीसाठी अर्ज करू लागली म्हणजे एका ठिकाणी त्यांची लेखणी हमखास अडखळते. शिक्षण, गुण, जन्मतारीख हे भराभर लिहून होते. पण 'आपणांस काय काय येते ते सांगा' या मजकुराशी आले की ती थांबतात. आपली स्तुती आपण करू नये, ती दुसऱ्याने करावी, असे घरी आणि शब्बाथ शाळेत आपणच त्यांना शिकविलेले असते. नीतिसूत्रांत तसा बोध आहेही. मग काही मुले इतके थोडे लिहितात की अर्ज वाचणाऱ्यास काहीच कळत नाही. काही मात्र एकदा संकोच सोडला म्हणजे सगळेच सोडतात, आणि मित्राच्या रेझ्युमेतील किंवा हल्ली संगणकाने जुळवून दिलेली मोठमोठी वाक्ये आपल्या नावाखाली उतरवून घेतात. पहिल्या प्रकारच्या मुलांना आपण विनयी म्हणतो. तो विनय खरा आहे काय, हा आमचा प्रश्न आहे.

निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडपाच्या कामासाठी बसालेलास निवडले, तेव्हा त्याला काय काय येत होते ते नावानिशी नोंदलेले आहे: सोने, रुपे व पितळ यांचे काम, रत्नांना पैलू पाडणे, लाकडाचे कोरीव काम. हे कसब देवाने दिलेले, असेही तेथेच म्हटले आहे. तसे असेल तर त्याचा उल्लेख टाळल्याने देणाऱ्याचा मान कसा वाढतो, हे आम्हांस समजत नाही. समजा, एखाद्या मुलीस हिशेब उत्तम ठेवता येतो आणि तिने ते लिहिलेच नाही. ती जागा हिशेब न येणाऱ्या कोणास तरी मिळेल, आणि त्या दुकानाचे किंवा दवाखान्याचे नुकसान होईल. यात विनय कोणाच्या उपयोगी पडला?

शिफारस कशी असावी याचा एक नमुना पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात आहे. फिबीविषयी तो दोनच वचने लिहितो. ती कोण, कोणत्या मंडळीची सेविका, आणि तिने पुष्कळांना व खुद्द पौलालाही साहाय्य केले आहे, एवढेच. 'कष्टाळू', 'होतकरू', 'मनमिळाऊ' अशी विशेषणांची माळ तेथे नाही. आमच्याकडील अर्जांत मात्र हीच माळ प्रथम येते.

दुसरा नमुना थोडा निराळा आहे. आपल्या पुष्कळ घरांत प्रभूच्या शेवटल्या भोजनाच्या चित्राची छापील प्रत भिंतीवर असते. त्याचा चित्रकार लिओनार्दो दा विंची याने 1482 च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला उद्देशून केलेल्या नोकरीच्या अर्जाचा मसुदा आजही जतन केलेला आहे. त्यात दहा कलमे आहेत. हलके व चटकन उभारता येणारे पूल, तोफा, वेढ्याची साधने हे सर्व आधी, शांततेच्या काळातील इमारती व पाण्याचे पाट दहाव्या कलमात, आणि शिल्प व चित्रकला त्याच्याही नंतर! स्फोर्झाला गरज कशाची होती हे ओळखून त्याने क्रम लावला. क्रम लावण्यात आम्हांस काही गैर दिसत नाही. पण त्यातील बरीच यंत्रे त्याने तोवर प्रत्यक्ष बांधली होती, असे दिसत नाही. येथे तो अतिशयोक्तीच्या अगदी कडेवर उभा आहे. त्याच्या बाजूने बोलायचे तर शेवटी तो असेही कळवितो, की यांतील काही अशक्य वाटल्यास सांगाल त्या ठिकाणी करून दाखवितो. हे वाक्य आपणांस आपल्या अर्जाच्या शेवटी घालता येईल काय, असे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. बेळगावकडच्या मुलांनी विशेषतः. मराठी, कानडी, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषा ती एका ओळीत लिहून टाकतात. त्यांपैकी कोणती केवळ बाजारात बोलता येते आणि कोणत्या भाषेत पत्राचा मसुदा करता येतो, हे वेगळे लिहीत नाहीत.

खरी कठीण गोष्ट पुढेच आहे. मंडळीचे काम आपण दहा जण मिळून करतो आणि 'आम्ही केले' असे म्हणतो. अर्जात 'आम्ही' चालत नाही. समजा, मंडळीच्या शतसांवत्सरिक उत्सवाची स्मरणिका निघाली. एकाने जाहिराती मिळविल्या, एकीने जुन्या नोंदवह्यांतून माहिती काढली, एकाने मुद्रिते तपासली. वर्षभराने चौघांच्या चार अर्जांत 'स्मरणिकेचे संपादन' असे आले, तर प्रत्येकाने दुसऱ्या तिघांचे काही उचलले आहे, आणि तेही अशा ठिकाणी, की त्या तिघांस ते कधी कळणार नाही. उलट चौघांनीही ते काम 'मंडळीचे' म्हणून वगळले, तर खरोखर आलेले कसब वाया गेले. आमच्या मते आपला वाटा तेवढाच आणि स्पष्ट लिहावा: '64 पानांच्या स्मरणिकेची मुद्रिते तपासली.' हे वाक्य लहान दिसते, म्हणून मुले ते लिहावयास लाजतात. छापखान्यातील माणसाला त्याची किंमत कळते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी तर आपल्या कामाचा असा हिशेब कधी केलेलाच नसतो. सात वर्षे दर रविवारी आठ ते अकरा वयाच्या तीस मुलांचा वर्ग सांभाळणे, पाठ तयार करणे, हजेरी ठेवणे, नाताळच्या नाटिकेचा खर्च पै-पैने मांडणे हे 'समाजसेवेची आवड' या शब्दांत कसे मावणार? संसारासाठी काही वर्षे घरी राहिलेल्या भगिनींनी ही वर्षे झाकू नयेत. झाकल्याने वाचणाऱ्याच्या मनात नसत्या शंका येतात.

जाता जाता एक गोष्ट. आपल्याकडे लग्नाचा आणि नोकरीचा बायोडेटा एकाच साच्यातून निघतो, म्हणून वडिलांचा धंदा, उंची, धर्म हे नोकरीच्या अर्जातही शिरते. सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करण्यास राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने मनाई आहे. सरकारी फॉर्ममध्ये जे विचारले असेल ते खरे भरावेच. खासगी संस्थेने विचारले नसता हा तपशील लिहिण्याचे कारण नाही, आणि न लिहिण्यात लपवाछपवीही नाही.

शेवटी पाळकसाहेबांच्या दाखल्याविषयी. 'मी यांस लहानपणापासून ओळखतो, यांची वर्तणूक उत्तम आहे' असा मजकूर टंकलिहून पुढे करायचा व खाली सही मागायची, ही रीत आम्हांस पसंत नाही. पाळकांनी मुलाला जवळ बसवून तू काय काम केलेस ते विचारावे आणि पाहिले तेवढेच लिहावे. जो मुलगा दोन वर्षे उपासनेस फिरकला नाही, त्याच्या दाखल्यात 'दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझा परिचय होता' असे त्यांनी लिहिले, तर घरच्यांनी त्यांच्यावर रागावू नये.