वर्गातील पंक्तिप्रपंच

पंक्तीस बसलेल्या एकाच्या भातावर तुपाची धार अंमळ जास्त पडावी आणि शेजारच्या पानाकडे वाढप्याने काणाडोळा करावा, या प्रकारास आपल्या भाषेत पंक्तिप्रपंच म्हणतात. हा दोष जेवणाराच्या पोटाशी संबंधित नसून यजमानाच्या शीलाशी संबंधित आहे, असे आपल्याकडे मानीत आले. ज्या समाजाने मुळात पंक्तीच जातवार मांडल्या, त्यानेच हा शब्द निर्माण करावा यात विसंगती आहे खरी. परंतु शब्द चांगला आहे, आणि तो आज भोजनगृहापेक्षा शाळेच्या वर्गात अधिक उपयोगी पडेल असे वाटते. विद्यार्थ्यांनी आपापले फोन, टॅब्लेट किंवा लॅपटॉप वर्गात आणून त्यांवर शिकावे की नाही, या प्रश्नाची चर्चा बहुधा शिस्तीच्या किंवा डोळ्यांच्या आरोग्याच्या दृष्टीने होते. वस्तुतः तो प्रथम पंक्तीचा प्रश्न आहे.

जेथे प्रत्येक मुलाच्या दप्तरात एक यंत्र सहज असते, अशा शहरी शाळेत बसून विचार केला तर ही गोष्ट नीट ध्यानात येत नाही. म्हणून तो विचार मढसारख्या गावी नेऊन पाहावा. मढ हे जुन्नर तालुक्याच्या पश्चिम अंगाचे, माळशेज घाटाच्या अलीकडचे गाव. कल्याणहून अहिल्यानगरास जाणारा हमरस्ता या भागातून जातो आणि पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी जवळच पसरलेले असते. या पट्ट्यात व शेजारच्या आंबेगाव तालुक्याच्या डोंगराळ भागात महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी. पावसाळ्यात भात, पुढे हिरडा, आणि ते पुरेना म्हणजे नारायणगावाकडच्या बागायतीत मजुरी, असा येथील पुष्कळ घरांचा वर्षक्रम असतो. अशा घरात फोन असला तर तो बहुधा एकच. आणि कामाचा निरोप त्यावरच यावयाचा असल्यामुळे तो कमावत्या माणसाच्या खिशातून बाहेर जातो. तेव्हा ‘विद्यार्थ्याचे स्वतःचे उपकरण’ या शब्दसमुच्चयातील ‘स्वतःचे’ हा शब्दच येथे प्रथम अडखळतो.

घराच्या आत तरी तो शब्द सर्वांस सारखा लागू पडतो काय? ‘असर’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीचा २०२४ सालचा वृत्तांत या बाबतीत वाचण्यासारखा आहे. चौदा ते सोळा वर्षे वयाच्या ज्या मुलामुलींस स्मार्टफोन वापरता येतो, त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असल्याचे सांगणारे मुलगे ३६.२ टक्के, तर मुली २६.९ टक्के निघाल्या. हे आकडे सबंध देशाच्या ग्रामीण भागाचे आहेत. म्हणजे वाढप्याचा हात शाळेच्या दारात येण्यापूर्वी घरातच आखडलेला असतो, आणि तो बहिणीच्या पानाशी आखडतो. उद्या शाळेने ‘ज्याचे त्याने आणावे’ असा नियम केला, तर या घरगुती पक्षपातावर ती सरकारी शिक्काच उठवील.

यावर कित्येक सुज्ञ असा आक्षेप घेतील की, पाटी तरी कोणाची होती? जुन्या पंतोजींच्या शाळेतील मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत. पुढे दगडी पाटी आली, ती प्रत्येकाने घरूनच आणावयाची असे. कोणाची चौकट पितळी पट्टीची, कोणाची फुटकी. तेव्हा स्वतःचे साधन आणण्याची चाल नवी नसून फार जुनी आहे, मग फोनावरच एवढा कटाक्ष का? आक्षेप वजनदार आहे. परंतु पाटीचे दोन धर्म लक्षात घ्यावेत. एक तर तिच्यावर जे लिहिले ते गुरुजींस, शेजाऱ्यास, मागच्या रांगेतील मुलासही दिसे. बेरीज चुकली तर ती चारचौघांत चुके आणि चारचौघांत दुरुस्त होई. पाटी मालकीने खाजगी, पण वापराने सार्वजनिक होती. दुसरे असे की, पाटीला मुलाच्या मनाखेरीज दुसरा धनी नव्हता. फोनाचे याच्या उलट आहे. त्याचा पडदा एकालाच दिसावा अशी त्याची रचना. आणि त्या पडद्यामागे, मुलाची नजर जितकी जास्त वेळ टिकेल तितका ज्यांचा नफा, अशा दूरदूरच्या व्यापारी मंडळ्या बसलेल्या असतात. मुलाने यंत्र ‘माझे’ म्हणावे आणि त्याचे लक्ष मात्र दुसऱ्याच्या मालकीचे व्हावे, हा व्यवहार पाटीच्या काळी संभवत नव्हता. याच ‘असर’ पाहणीत ८२ टक्क्यांहून अधिक मुलांस स्मार्टफोन वापरता येतो असे आढळले. त्यांतील आदल्या आठवड्यात काही शैक्षणिक कामासाठी तो वापरलेली मुले ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. यात मुलांस दोष देण्याचे कारण नाही. दुकान ज्याने मांडले त्याने ते उत्तम मांडले आहे.

तथापि स्वातंत्र्यवाद्यांचा मुद्दा शिल्लक राहतोच. ज्याच्याजवळ आहे त्याने का वापरू नये? एकाच्या पानातील काढल्याने ते दुसऱ्याच्या पानात थोडेच पडते? आणि डोंगराकाठच्या एखाद्या हुशार मुलाला, जेथे मोठे ग्रंथालय नाही व गणिताचा चांगला शिकवणीवाला नाही, तेथे हा हातातील काचेचा तुकडा जगातील उत्तमोत्तम अध्यापकांचे दार उघडून देत असेल, तर ते दार समतेच्या नावाखाली लावून घेणारे आपण कोण? हा मुद्दा खरोखर कठीण आहे, आणि जे लोक फोनास सैतानाचे हत्यार म्हणून मोकळे होतात त्यांस याचे उत्तर देता येत नाही.

उत्तर शोधावयाचे तर, वर्ग म्हणजे काय येथून निघाले पाहिजे. वर्ग ही चाळीस स्वतंत्र मुलांची बेरीज नव्हे. चाळीस जणांनी एकाच वेळी एकाच गोष्टीकडे पाहण्याची ती जागा आहे. हे एकत्र लक्ष कोणा एकाच्या मालकीचे नसते, म्हणून त्याची नासाडी करण्याचा हक्कही कोणा एकास नसतो. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०२२ साली घेतलेल्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत सभासद देशांतील सरासरी ५९ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले की, गणिताच्या निदान काही तासांना दुसऱ्यांच्या यंत्रांमुळे आपले लक्ष विचलित होते. दुसऱ्यांच्या, हा शब्द महत्त्वाचा आहे. भारत त्या फेरीत सामील नव्हता, पण मनुष्यस्वभाव काही समुद्रापलीकडे निराळा नाही. याच जुन्नर तालुक्यात खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे; प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातून येणारे अत्यंत क्षीण संदेश ऐकतात, आणि आसपासच्या मोबाइल फोनांच्या लहरींचा त्या ऐकण्याला उपद्रव होतो. वर्गात मागच्या बाकावरील मुलाची हळू आवाजातील शंका हाही असाच क्षीण संदेश होय.

शिवाय जेव्हा काही मुलांच्या हाती यंत्र असते, तेव्हा पाठाचा कल नकळत त्यांच्या बाजूस झुकतो. गुरुजी म्हणतात, ‘चित्र उघडा’. ज्यांस उघडता येते ते उघडतात, बाकीचे शेजाऱ्याच्या खांद्यावरून डोकावतात किंवा खिडकीबाहेर पाहतात. पाठ पुढे जातो, कारण उघडणारे पुढे गेलेले असतात. आणि ज्याच्या घरी फोनच नाही तो मुलगा ‘आज घरी विसरलो’ असे सांगावयास शिकतो. हे वाक्य तो रोज सांगू लागला, म्हणजे शाळेने त्यास गणित शिकविले की नाही हा प्रश्न गौण ठरतो. दारिद्र्य लपविण्यासाठी खोटे बोलावयास मात्र तिने शिकविले.

हे केवळ कल्पनेतील चित्र नव्हे. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि सबंध महाराष्ट्राचा वर्ग एकाएकी घरोघरच्या यंत्रांवर येऊन पडला. ‘स्वतःचे उपकरण’ या तत्त्वाचा इतका मोठा प्रयोग पूर्वी कधी झाला नव्हता. ज्यांच्याजवळ यंत्र व रेंज होती त्यांची शाळा चालू राहिली. इतरांची, सरळ सांगावयाचे तर, बंद पडली. त्या वर्षी जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, आणि कित्येक शिक्षकांनी पाड्यापाड्यांवर जाऊन ओट्यावर, देवळाच्या मंडपात मुले गोळा करून शिकविले. या दोन्ही उपायांत एक साम्य आहे: जे द्यावयाचे ते सर्वांदेखत, एकाच पंक्तीस, ज्याला त्याला ‘तुझे पान कोठे आहे’ असे न विचारता दिले गेले.

मग बंदी हाच उपाय काय? फ्रान्सने २०१८ साली कायद्याने शाळांतून फोन हद्दपार केला. उलट दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ साली सरसकट बंदी योग्य नव्हे असे म्हणून नियमनाची दिशा दाखविली. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली निराळीच वाट काढली: संध्याकाळी सात वाजता भोंगा व्हावा, आणि साडेआठपर्यंत घरोघरचे दूरदर्शन संच व फोन बंद ठेवून मुलांनी अभ्यास करावा. या वडगावच्या नियमात मला आवडते ते हे की तो वडील माणसांसही लागू आहे. परंतु नुसत्या बंदीने शहरातील मुलाचे काही जात नाही. दारात जमा केलेला फोन त्यास संध्याकाळी परत मिळतो. मढच्या मुलास मात्र बंदी काही देत नाही. ती रिकाम्या पानांची समता होते, आणि रिकाम्या पानांवर पंक्तिप्रपंच नसतो एवढ्यावरून कोणी यजमानास उदार म्हणत नाही.

म्हणून यंत्र हवे असेल तर ते शाळेचे असावे, मुलाचे नव्हे. शाळेच्या कपाटातून तासापुरते निघावे, चौघांत एक असावे म्हणजे पडदा चौघांस दिसेल, आणि तास संपताच पुन्हा कपाटात जावे. मध्यान्ह भोजनाची खिचडी घरून आणावयास आपण मुलांस सांगत नाही. ज्ञानाच्या बाबतीतच हा भिक्षेचा डबा का? यास एक अपवाद मात्र बिनतक्रार मान्य केला पाहिजे. ज्या मुलास दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, त्याच्या हातातील यंत्र हे चष्म्यासारखे आहे. चष्मा लावून पंक्तीस बसणाऱ्यावर कोणी पक्षपाताचा आरोप करीत नाही. खर्चाचा प्रश्न निघेल. माळशेजच्या पावसात वीज किती वेळ टिकते आणि बिघडलेले यंत्र दुरुस्तीस कोठे पाठवावयाचे, हेही निघेल. ते प्रश्न खरे आहेत, पण ते राज्यकर्त्यांचे आहेत. नऊ वर्षांच्या मुलाच्या बापाने ते सोडवावेत असे नाही.

या बाबतीत राज्यकर्त्यांची सवय मात्र आशा वाढविणारी नाही. आज किती मुले जेवली याची नोंद शासनाच्या ॲपवर करावी लागते. आणि ती ज्या फोनावरून होते तो पुष्कळ ठिकाणी गुरुजींनी आपल्या पगारातून घेतलेला असतो, त्याचे रिचार्जही त्यांच्याच खिशातून होते. रेंज नसेल तर नोंदीसाठी ते रस्त्यापर्यंत चालत जातात, आणि तेवढा वेळ वर्ग तसाच बसलेला असतो.