गंजणाऱ्याची निगा

रेडीच्या खाणीतून निघणाऱ्या खनिजात लोखंड ऑक्सिजनशी जोडलेलंच असतं. भट्टीत ते सुटं होतं; हवा आणि पाणी मिळालं की पुन्हा त्याच वाटेला लागतं. मग वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत बाबांच्या सेन-रॅले सायकलची फ्रेम जपणं हे निसर्गाशी वैर झालं का?

मला तसं वाटत नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतात: रथ म्हणजे काय, आस की चाकं? या सायकलचंही तसंच: चाकं, सीट, चेन केव्हाच बदलली. बाबांच्या वेळची उरली ती फ्रेम, आणि ती आतून झिजते. सीटच्या पाइपाकडून पाणी शिरतं, खाली क्रँकच्या एक्सलपाशी साचतं. वरचा काळा रंग मात्र शाबूत दिसतो. म्हणून पावसाआधी मी सुटे भाग काढते, नळ्यांत रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवसाचं तेल ओतते, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवते, जादा तेल निथळू देते. वाळून आत पातळ थर धरतो. तोही टिकणारा नाही.

अनित्यता मानली म्हणून हात आखडायचे, हे मला पटत नाही. आत्मा अविनाशी मानणाऱ्यांनीसुद्धा काळजी घ्यायची ती नाशवंताचीच. यंदा सीटच्या पाइपाला ग्रीसही लावलं. तो फ्रेममध्ये धरू लागला होता.