दैव पाचवे

भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारावर प्लॉट पाडताना पावसाळी निचऱ्याचा आराखडा मागे ठेवला आणि पाणी खालच्या भातखाचरात शिरले, की उत्तर तयार असते : पाऊस देवाच्या हाती. गीतेच्या अठराव्या अध्यायात मात्र कर्माची 5 कारणे आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव पाचवे. जमीन, मालक, जेसीबी, ओढ्यातला भराव ही आधीची चार माणसाकडेच येतात. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार वरच्या जमिनीचे पाणी नैसर्गिकपणे वाहत आले, तर खालच्याने ते येऊ द्यावे लागते. पण उतार कापून, काँक्रीट ओतून वळवलेला लोंढा नैसर्गिक कसा? त्याला खालच्याची संमती गृहीत धरता येत नाही. म्हणून निचऱ्याच्या आराखड्याला मंजुरी प्लॉट पाडण्याआधी हवी. नकाशावरची मोरी रेघ पुसून हलते. प्लॉट विकल्यावर कुणाचे तरी घर आड येते.

ही अट छोट्या शेतकऱ्याला परवडत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण तो आराखड्याच्या आकाराबद्दल आहे, क्रमाबद्दल नाही. दोन गुंठ्यांना साधा उतारदर्शक नकाशा पुरेसा मानावा. निष्काम कर्माचा दाखला देऊन परिणामांची चिंता झटकणे मात्र सोयीचे वाचन आहे. फळाची आसक्ती सोडा म्हणणारी गीताच त्याच अठराव्या अध्यायात परिणाम, हानी आणि हिंसा न पाहता आरंभलेल्या कर्माला तामस ठरवते.