टेकू कधी काढावा?

‘औषधावाचून खोकला गेला’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. एखादे संकट आपसूक टळले की आपण ती मोठ्या समाधानाने वापरतो. पण औषध चालू असताना खोकला गेला, तर तो औषधाने गेला की जायचाच होता म्हणून गेला, या प्रश्नावर मात्र म्हण नाही. बहुधा हा प्रश्न कोणाला पडतच नसावा. खोकला गेला, बाटली फडताळात गेली, प्रकरण मिटले. खोकल्याच्या बाबतीत एवढी बेफिकिरी परवडते. ती परवडत नाही असे एक दुखणे गेली सतरा वर्षे माझ्या वाट्याला आले आहे आणि त्याच्या निमित्ताने हा साधा दिसणारा प्रश्न मला दर फेऱ्याला नव्याने सोडवावा लागतो.

या दुखण्याला क्लस्टर डोकेदुखी म्हणतात. क्लस्टर म्हणजे घोस. द्राक्षे घोसाने लागतात तशा याच्या कळा घोसाने येतात. काही आठवडे, कधी दोन-तीन महिने, जवळजवळ रोज येतात आणि मग महिनेच्या महिने, कित्येकदा वर्ष-वर्ष, फिरकत नाहीत. अर्धेच डोके दुखते म्हणून पुष्कळ लोक हिला अर्धशिशी समजतात. पण अर्धशिशीचा माणूस खोलीत अंधार करून निपचित पडून राहतो. या दुखण्याच्या माणसाला पडवत नाही की बसवत नाही. तो येरझारा घालतो, भिंतीला कपाळ टेकतो, पुन्हा चालू लागतो. एका डोळ्याच्या मागे कोणी तापलेली सळई फिरवावी तशी कळ येते. त्याच डोळ्यातून पाणी वाहते, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते, पापणी उतरते. पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत हा प्रकार चालतो आणि ज्याने तो मांडला तो आला तसा निघून जातो. दिवसातून असे आठ-आठ झटके येणारे लोकही आहेत. हजारांत सुमारे एकाला हे दुखणे असते.

त्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे त्याचा वक्तशीरपणा. बहुधा रात्री झोप लागल्यावर तास-दीड तासाने, आणि पुष्कळदा रोज त्याच ठोक्याला, झटका येतो. फेरेही अनेकांना ठरावीक ऋतूत येतात. १९९८ साली लंडनमधील संशोधकांनी चालू झटक्यात मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग जागा झालेला दिसला. आपल्या झोपेजागेचे घड्याळ सांभाळणारा तोच हा भाग. म्हणजे हे दुखणे घड्याळाच्या घरातच राहते. त्याने वेळ पाळली तर नवल ते काय!

या फेऱ्यात झटके येऊच नयेत म्हणून रोज घ्यायची काही औषधे आहेत. त्यांतले प्रमुख व्हेरापामिल. हे मुळात हृदयाचे आणि रक्तदाबाचे औषध. पण या दुखण्यासाठी ते पुष्कळदा नेहमीहून मोठ्या मात्रेत द्यावे लागते, आणि म्हणून मात्रा वाढवताना हृदयाचा आलेख काढून पाहावा लागतो. दुसरे लिथियम. त्याचे रक्तातले प्रमाण तपासत राहावे लागते आणि मूत्रपिंडावर व थायरॉइडवर नजर ठेवावी लागते. फेऱ्याच्या सुरुवातीचे दिवस निभावून नेण्यासाठी थोडे दिवस स्टिरॉइडही देतात. यांतले एकही औषध सणासुदीच्या बत्ताशासारखे ‘असू द्या तोंडात एखादा’ म्हणून चघळण्याचे नव्हे. ज्यांना वर्षभरात उसंतच मिळत नाही असेही काही रुग्ण असतात, शंभरांत दहा-पंधरा. त्यांची गोष्ट वेगळी. पण ज्याचा फेरा संपतो, त्याने औषध केव्हातरी थांबवले पाहिजे. केव्हा, एवढाच काय तो प्रश्न.

पण या ‘एवढ्याच’ प्रश्नात आपल्या नैयायिकांचा जुना वाद दडलेला आहे. कार्यकारणभाव सिद्ध करायला ते अन्वय आणि व्यतिरेक असे दोन पुरावे मागत. अमुक असताना तमुक असते, हा अन्वय. अमुक नसताना तमुक नसते, हा व्यतिरेक. नुसत्या अन्वयावर विसंबणाऱ्याची गत कावळा बसायला आणि फांदी मोडायला, अशी होते. आता माझे पाहा. औषध चालू आहे आणि कळ नाही, एवढाच पुरावा माझ्या हाती असतो. कळ औषधाने अडवली आहे की फेराच संपला आहे, हे त्यावरून कळत नाही. कळून घ्यायचे तर औषध काढून पाहिले पाहिजे. आणि फेरा संपलेला नसेल तर तो व्यतिरेक रात्री दीड वाजता माझ्या उजव्या डोळ्यामागे सिद्ध होणार! तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात पुरावा फुकट मिळतो. इथे त्याची किंमत मोजावी लागते.

घराचा स्लॅब घातल्यावर खालून टेकू लावून ठेवतात. टेकू आहेत तोवर स्लॅब स्वतःच्या बळावर उभा आहे की टेकूंच्या, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून काही गवंडी जन्मभर टेकू ठेवत नाही. त्या घरात कोणाला राहायचे असते. तो दिवस मोजतो. मग टेकू काढताना सगळे एकदम पाडत नाही. दोन भिंतींमधल्या स्लॅबचे टेकू मधून काढायला घेतात, पुढे झुकलेल्या सज्जाचे मोकळ्या टोकाकडून. म्हणजे टेकू लावायचे एक शास्त्र आहे तसे काढायचेही एक शास्त्र आहे. आपण मात्र पहिल्यालाच शास्त्र समजतो. औषध कसे सुरू करावे हे डॉक्टरला विचारतो आणि बंद करण्याचे आपल्या मनाने ठरवतो.

हे मनाने ठरवणे दोन तऱ्हांचे असते. एक तऱ्हा आपल्या घराघरांत ऐकू येते. ‘अरे, किती दिवस या गोळ्यांच्या नादी लागणार आहेस?’ असे आमचे एक मामा मला भेटतील तेव्हा विचारतात. त्यांच्या बोलण्यात माया असते, पण त्यामागे एक समजूतही असते: गोळी घेणे हा मनाचा दुबळेपणा आणि गोळी टाकणे हा पुरुषार्थ. पण चष्मा काढून ठेवल्याने कोणाचे चारित्र्य सुधारल्याचे मी पाहिलेले नाही. औषधाशिवाय राहणे ही सुखाची गोष्ट आहे. पण ती पुण्याची गोष्ट आहे असे समजण्यात गोंधळ होतो.

दुसरी तऱ्हा याच्या उलट. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. फेरा कधीच संपलेला असतो, डॉक्टर मात्रा उतरवायला सांगतात, आणि हात मात्र डबीकडे जातच राहतो. अशा वेळी गोळीचे औषधपण संपते आणि ती ताईत होते. ताईताचा गुण असा की तो कधी खोटा ठरत नाही, कारण तो कोणी काढूनच पाहत नाही. १९६०च्या दशकात या दुखण्यावर मेथिसर्जाइड नावाचे औषध वापरात होते. ते गुणकारी होते, पण सतत घेतल्यास पोटाच्या मागच्या भागात तंतुमय जाळे वाढून मूत्रनलिका आवळल्या जाऊ शकतात असे दिसून आले. म्हणून सहा महिन्यांनंतर महिनाभर ते थांबवायचेच, असा नियम करावा लागला. पुढे ते औषध बहुतेक ठिकाणी वापरातून गेले. पण तो नियम मला अर्थपूर्ण वाटतो. राखणदारही कधी कधी शेत खातो. म्हणून त्याच्यावरही कोणाची तरी नजर हवी.

या दोन्ही तऱ्हा एकमेकींच्या शत्रू दिसतात, पण माझ्या अनुभवाने त्या एकाच घरात राहतात. माणूस एक आणि त्याच्यात दोघे. फेरा सरला की मी हिंडूफिरू लागतो, गावी जाण्याचे बेत करतो, आणि त्या रात्री कशा होत्या हे मला खरोखरच आठवत नाही. दुःख झाले होते एवढी बातमी आठवते. दुःख आठवत नाही. निसर्गाची ही मोठी दया आहे, पण निर्णय घेताना ती घातक ठरते. कारण गोळी टाकण्याचा निर्णय घेतो तो हा दिवसा हिंडणारा मी, आणि त्याची किंमत भरतो तो रात्री दीड वाजता येरझारा घालणारा मी. एकाने कर्ज काढावे आणि दुसऱ्याने फेडावे, असा हा व्यवहार आहे. उलट सगळा कारभार त्या रात्रीच्या माणसाच्या हाती दिला तर तो एकही गोळी कधी कमी करू देणार नाही. बिचाऱ्याने पाहिलेच तसे आहे. मग दिवसाच्या माणसाने वर्षभर दुसऱ्याच्या भीतीपोटी औषधाचा भार का वाहावा?

मला वाटते, खरा नैतिक प्रश्न इथे आहे. दुसऱ्याला दुःख देऊ नये हे आपल्याला शिकवलेले असते. पण उद्याचा मी हाही आजच्या मला एका परीने दुसराच असतो आणि त्याच्या वतीने धाडस करण्याचा मला मोकळा परवाना नाही. शिवाय या व्यवहाराला एक तिसरा साक्षीदार असतो. एकदा मी गोळ्या लवकर कमी करण्याची गोष्ट काढली तेव्हा माझी पत्नी एवढेच म्हणाली, ‘अहो, तुम्ही विसरता. मी नाही विसरत.’ त्या रात्री जागणारे दोघे असतात आणि त्यांतल्या एकालाच विस्मृतीचे औषध मिळते.

दोन माणसांचे हित एकमेकांआड येते तेव्हा शहाणे लोक भांडत नाहीत, कागद करतात. माझ्यातल्या या दोघांचाही असाच कागद झालेला आहे. डॉक्टरांनी सांगितले, पत्नीने ऐकले आणि मी वहीत उतरवले. माझा फेरा एरवी जितके आठवडे टिकतो तितके सरले पाहिजेत, आणि त्यावर निदान दोन आठवडे एकही कळ, अगदी बारीक टोचणीसुद्धा, आलेली नसली पाहिजे. तोवर मात्रेला हात लावायचा नाही. मग एकेक पायरी उतरायची, प्रत्येक पायरीवर काही दिवस थांबायचे. दोन औषधे चालू असतील तर दोन्ही एकदम कमी करायची नाहीत, नाहीतर काय कशाने झाले ते समजणार नाही. स्टिरॉइडच्या बाबतीत तर स्वतःची अक्कल चालवायचीच नाही. ते काही आठवडे बाहेरून मिळाले की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आपले काम सोडून स्वस्थ बसतात, आणि ते अचानक बंद केले तर जिवावर बेतू शकते. हृदयाच्या औषधालाही तडकाफडकी रजा देणे बरे नव्हे. आणि पहिली पायरी उतरण्यापूर्वी ऑक्सिजनचे नळकांडे भरलेले आहे, मुखवटा जागेवर आहे, डॉक्टरांनी दिलेली सुई घरात आहे, हे पाहून घ्यायचे. मिनिटाला बारा लिटर या वेगाने पंधरा मिनिटे शुद्ध ऑक्सिजन घेतल्याने पुष्कळांचा झटका उतरतो, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत दिसले आहे.

कागदातले शेवटचे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. उतरताना झटका आला तर मुकाट्याने मागच्या पायरीवर परत जायचे, डॉक्टरांना कळवायचे, आणि याला हार म्हणायचे नाही. टेकू काढताना स्लॅबला तडा दिसला की गवंडी टेकू परत लावतो. त्यात त्याची अब्रू जात नाही. पूर्वीच्या पायरीवर परत जाण्याची लाज वाटणारा माणूस एकतर मुळीच उतरत नाही किंवा एकदम उडी मारतो. परत येण्याची मुभा आहे म्हणूनच उतरण्याचे धैर्य होते. आणि झटका आला नाही तरी औषध मुळातच फुकट होते असे त्यातून सिद्ध होत नाही. स्लॅब उभा राहिला म्हणून टेकू व्यर्थ होते असे कोण म्हणेल?

यंदाचा माझा फेरा भाद्रपदात सुरू झाला. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा मी बहुधा दुसऱ्या पायरीवर असेन. तिसरीवर उतरायचे की पहिलीवर परत चढायचे, हे मामा ठरवणार नाहीत, माझी भीतीही ठरवणार नाही. ते वहीतल्या त्या-त्या दिवसापुढे मांडलेल्या रिकाम्या चौकोनांवरून ठरेल. रोज सकाळी एक चौकोन कोरा राहिला की मी तो पत्नीला दाखवतो. ती तो पाहते, मान हलवते आणि म्हणते, ‘उद्याचा बघू.’