ॲक्सिडेंट गाडीचा माल

मोबाइलवरून जुना सुटा भाग विकत घेताना मी फार चौकस असतो. भागावरचा नंबर नीट वाचता येईल असा फोटो मागतो. हेडलाइट असेल तर बसवायचे कान शाबूत आहेत का, काच पिवळी पडली आहे का, आत ओल धरली आहे का, हे विचारून घेतो. अल्टरनेटर असेल तर चालवून व्हिडिओ पाठवायला सांगतो. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, असेल तर पहिला प्रश्न ठरलेला: पाण्यातल्या गाडीचा नाही ना? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर ज्यांनी स्वस्तात गाड्या घेतल्या त्यांची पुढची रड मी जवळून ऐकली आहे. कंपनीचा माल कोणता आणि डुप्लिकेट कोणता, हे प्लॅस्टिकच्या कडांवरून आणि शिक्क्यावरून मला बऱ्यापैकी ओळखता येतं. त्याचा थोडा अभिमानही आहे.

हे सगळे प्रश्न मात्र माझ्या खिशाची राखण करणारे आहेत. हा भाग कुणाच्या गाडीतून निघाला, हा प्रश्न त्यांत नसतो. तो सुचत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. तो सुचतो, अगदी ओठांवर येतो आणि मी तो गिळतो. क्वचित विचारलाच, तर उत्तर आपणच हातात ठेवावं तशा सुरात: "ॲक्सिडेंट गाडी का माल है ना?" पलीकडून लगेच येतं, "हां सर, ॲक्सिडेंट का ही है." दोघंही सुखी. विकणाऱ्याने मला फसवलं असं म्हणायची सोयही नाही, कारण काय ऐकायचं आहे ते मीच त्याला सांगितलेलं असतं.

माझी गाडी शेवर्ले बीट. पुण्याहून तासाभराच्या अंतरावर, तळेगावात तयार झालेली. जनरल मोटर्सने 2017 च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, 2020 च्या डिसेंबरात तळेगावचं उत्पादनही थांबलं, आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. बंद झालेल्या गाडीच्या मालकाला जुन्या मालाकडे वळावंच लागतं, त्यात काही विशेष नाही. उजवीकडचा आरसा फुटला, म्हणून शोध सुरू केला. विजेवर फिरणारा, गाडीच्याच रंगाचा आरसा दिल्लीच्या एका विक्रेत्याकडे दिसला. किंमत नव्याच्या पाव.

जुनं वापरण्यात मला कमीपणा वाटत नाही, आणि वाटूही नये. चालतं यंत्र फेकायचं नाही, हा आमच्या घरचा संस्कार आहे. नाना पेठेतल्या दुकानांत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना ठाऊक आहे, तिथली माणसं केवढी जाणकार असतात. एका गाडीचा कॉम्प्रेसर दुसऱ्या कोणत्या गाडीला चालतो, कोणत्या वर्षानंतर पिना बदलल्या, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्यामुळे कितीतरी रिक्षा, टॅक्सी, टेम्पो रस्त्यावर आहेत आणि कितीतरी घरांत चूल पेटते. या धंद्याला सरसकट चोरांचा धंदा म्हणणारी माणसं बहुधा दर पाच वर्षांनी नवी गाडी घेणारी असतात.

मात्र पर्यावरणाचं जे कारण मी मित्रांना ऐकवतो, त्याबद्दल स्वतःशी खरं बोलायला हवं. जुना भाग घेतल्याने पोलाद, प्लॅस्टिक, वीज वाचते, हे बरोबरच आहे. फक्त मला ते किंमत पाहिल्यानंतर आठवलं. किमती उलट असत्या, नवा आरसा स्वस्त आणि जुना महाग असता, तर पृथ्वीची काळजी मी नक्कीच दुसऱ्या कुणावर सोपवली असती.

आरशाचा फोटो मी मोठा करून पाहिला. काच उत्तम, रंग उत्तम, मोटर फिरते असं लिहिलेलं. मागून निघालेल्या वायरी मात्र मध्येच कापलेल्या, टोकाला कनेक्टर नाही. गाडी समोर निवांत उभी असेल तर दाराचा पत्रा उघडून कनेक्टर सोडवता येतो, आणि कनेक्टरसकट आरशाला भावही जास्त मिळतो. पक्कड लावून वायर कापतो तो घाईतला माणूस. आता भंगारवालाही घाईत असतो, दिवसाला किती गाड्या सोलायच्या त्याचा हिशेब असतो, त्यामुळे हा काही पुरावा नव्हे. पुरावा मला नकोच होता म्हणा. शंका येऊ नये, एवढंच हवं होतं. म्हणून मी फोटो लहान केला.

कायद्याने या जागेवर नेमकं बोट ठेवलं आहे. भारतीय न्याय संहितेच्या 317 व्या कलमात चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं 411 वं कलम हेच सांगत होतं. त्यात 'माल चोरीचा आहे हे माहीत असताना' एवढंच म्हटलेलं नाही. 'तसं मानायला कारण असताना' हेही आहे. पाव किंमत, कापलेल्या वायरी, बिल नाही, आणि विकणारा रोज वेगवेगळ्या मॉडेलचे सुटे आरसे टाकतो पण गाडी कधीच दाखवत नाही. मानायला आणखी किती कारणं हवीत? माझ्यावर गुन्हा दाखल होणार नाही, हे मला ठाऊक आहे. एका आरशासाठी पोलिस माझ्या दारात येणार नाहीत. सदसद्विवेकाची गरज नेमकी तिथेच सुरू होते, जिथे पोलिस येत नाहीत. एरवी घाबरण्यालाच आपण सद्गुण म्हणत राहू.

मेरठचं सोतीगंज आठवतं. चोरीच्या गाड्या तिथे येतात आणि बघता बघता सुट्या होऊन दुकानांत लागतात, अशी त्याची वर्षानुवर्षांची ख्याती. 2021 च्या डिसेंबरात पोलिसांनी तिथली दुकानं बंद पाडली. बातम्यांत बाजाराचं नाव होतं, पकडलेल्यांचे फोटो होते, जप्त मालमत्तेचे आकडे होते. गिऱ्हाइकांचा उल्लेख नव्हता. एवढा माल वर्षानुवर्षं कुणीतरी घेत होतं, आणि ते कुणीतरी माझ्यासारखंच सभ्य, कर भरणारं, सिग्नल पाळणारं असणार.

आपल्याकडेही इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाण्याचे गुन्हे गुजरात-महाराष्ट्रात बरेच घडले. आतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, त्याच्यासाठी. इको कुणाकडे असते? शाळेची मुलं नेणाऱ्याकडे, लग्नाच्या जेवणाचे डबे पोचवणाऱ्याकडे, गावाकडे प्रवासी भरणाऱ्याकडे. पहाटे चावी फिरवल्यावर गाडी रणगाड्यासारखी आवाज करते तेव्हा त्याला कळतं. त्या दिवसाची मजुरी गेली, वर नवा सायलेन्सर.

चोरबाजारातला तो जुना विनोद मीही रंगवून सांगितला आहे: गाडीचं चाक चोरीला गेलं, बाजारात जाऊन घेतलं, घरी येऊन पाहतो तर आपलंच. त्यात गमावणारा आणि घेणारा एकच माणूस असतो, म्हणून हसता येतं. खऱ्या व्यवहारात ते दोघे असतात आणि त्यांची गाठ कधी पडत नाही. कुर्ल्याला निदान सोललेल्या गाडीचा सांगाडा शेजारी दिसतो, दुकानदाराच्या डोळ्यांत पाहावं लागतं. मोबाइलवर पांढऱ्या फरशीवर ठेवलेला एकटा आरसा असतो, जणू तो कुठल्याच गाडीला कधी लागलेला नव्हता.

एअरबॅगचा विचार वेगळा करायला हवा, कारण तिथे माझी काटकसर तिसऱ्याच्या अंगावर येते. जुन्या एअरबॅगा सर्रास विकल्या जातात. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगांतलं अमोनियम नायट्रेट उष्ण-दमट हवेत वर्षांगणिक बिघडत गेलं आणि फुगताना धातूचे तुकडे उडून माणसं मेली. जगभरात दहा कोटींच्या आसपास इन्फ्लेटर परत मागवावे लागले, कंपनी 2017 मध्ये दिवाळखोरीत गेली. उष्ण आणि दमट म्हणजे आमचं कोकण आणि मुंबईच. सुटी घेतलेली एअरबॅग कोणत्या गाडीची, परत मागवलेल्यांपैकी आहे का, हे गाडीचा नंबर कळल्याशिवाय कसं तपासणार? आणि एअरबॅग नसतानाही डॅशबोर्डवरचा दिवा विझवायची युक्ती गॅरेजात मिळते. उद्या मी गाडी विकली की तो विझलेला दिवा पाहून कुणीतरी आपल्या बायकोला पुढच्या सीटवर बसवेल. एवढं कळत असल्याने एअरबॅग आणि सीटबेल्ट मी जुने घेत नाही. पण हा नियमसुद्धा आधी माझ्या स्वतःच्या छातीची काळजी म्हणून सुचला, दुसऱ्याच्या छातीचा विचार नंतर आला.

याच काळात घरची जुनी मारुती काढायची वेळ आली. भंगारवाला म्हणाला, "काका, नुसती गाडी दिलीत तर एवढे. आरसी बुकासकट दिलीत तर वर पाच हजार." कापायच्या गाडीच्या कागदांना पाच हजार कशासाठी? मोडीत गेलेल्या गाडीचे कागद आणि चॅसिस नंबर चोरीच्या गाडीला लावायचा धंदा जुना आहे. मी जसा विक्रेत्याला विचारत नाही, तसं त्यानेही मला काही विचारलं नाही. मी फक्त "कळवतो" म्हणालो. नोंदणीकृत वाहन-मोडणी केंद्रात 2021 च्या नियमांप्रमाणे गाडी चोरीची नाही ना हे नोंदींत तपासतात आणि मोडल्याचं प्रमाणपत्र देतात. पैसे कमी मिळतात. गाडी तिथेच गेली. मात्र हे पाच हजार माझ्या मनात बरेच दिवस 'माझे गेलेले' म्हणून राहिले. जे कधी माझे नव्हते त्यांचा शोक मी इतक्या मनापासून करू शकतो, हे बघायला मजेदार नव्हतं.

आरशाच्या बाबतीत शेवटी मी दिल्लीच्या त्या विक्रेत्याला सरळ लिहिलं: ज्या गाडीतून काढला तिचा फोटो आणि चॅसिस नंबर पाठवा. त्याने हसरा चेहरा पाठवला आणि जाहिरातीत किंमत दोनशेने उतरवली. मग एक पुण्यातला विक्रेता मिळाला. त्याने पुढून ठोकलेल्या बीटचे चारी बाजूंचे फोटो पाठवले, आरसा कनेक्टरसकट होता, किंमत दुपटीच्या पुढे. म्हणाला, "बिल नको असेल तर कमी करतो, सर." मी बिल मागितलं. बिलावर लिहून आलं: 'जुना आरसा, एक नग'. गाडीचा नंबर नाही, कुणाची ते नाही. उद्या कुणी विचारलं तर हा कागद मला वाचवेल. ज्याचा आरसा होता त्याच्या काय उपयोगाचा? मी दुकानदाराला परत फोन लावला आणि गाडीचा नंबर बिलावर लिहून द्यायला सांगितला. तो म्हणाला, "आजवर कुणी मागितला नव्हता, थांबा, बघून लिहितो."